इंग्रजीतील कालवाचक शब्दयोगी व उभयान्वयी अव्यये

इंग्रजी भाषेत एखादी घटना केव्हा घडली, केव्हापासून सुरू आहे, किती काळ चालली किंवा केव्हापर्यंत पूर्ण व्हावयाची आहे, हे दर्शविणाऱ्या अविकारी शब्दांना कालवाचक शब्दयोगी अव्यये आणि कालवाचक उभयान्वयी अव्यये असे म्हणतात. ‘ॲट’, ‘ऑन’, ‘इन’, ‘फॉर’, ‘ड्युरिंग’, ‘बाय’, ‘विदिन’ हे पहिल्या प्रकारचे, तर ‘व्हेन’, ‘व्हाइल’, ‘ॲज सून ॲज’ हे दुसऱ्या प्रकारचे शब्द होत. ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘सिन्स’, ‘अंटिल’ आणि ‘टिल’ हे शब्द दोन्ही प्रकारे वापरले जातात.

मराठीभाषक विद्यार्थ्यांना हे शब्द अवघड वाटण्याचे प्रमुख कारण त्यांची संख्या नसून विभागणी आहे. मराठीतील ‘पासून’, ‘पर्यंत’, ‘पूर्वी’ आणि ‘-त’ या रूपांची जागा इंग्रजीत प्रत्येकी दोन किंवा अधिक शब्द घेतात. त्यांपैकी कोणता शब्द निवडावयाचा, हे बहुतेक वेळा दोन प्रश्नांवरून ठरते: उल्लेखिलेला काळ हा बिंदू आहे की लांबी, आणि क्रिया त्या काळात चालू राहते की एकदाच घडून संपते. मराठीत हा भेद बहुधा क्रियापदाच्या रूपातून आणि संदर्भातून समजतो. इंग्रजीत तो अव्ययातूनही स्पष्ट करावा लागतो.

## पार्श्वभूमी

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ १९११ मध्ये प्रकाशित झाला. शालेय मराठी व्याकरणात शब्दांच्या आठ जाती शिकविल्या जातात. ही मांडणी इंग्रजी व्याकरणाशी मिळतीजुळती असल्यामुळे ‘प्रिपोझिशन’ म्हणजे शब्दयोगी अव्यय आणि ‘कंजंक्शन’ म्हणजे उभयान्वयी अव्यय असे समीकरण विद्यार्थ्यांच्या मनात रूढ झाले. ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ या पुस्तकमालेने भाषांतराच्या मार्गाने मराठी माणसांच्या अनेक पिढ्यांना इंग्रजी शिकविले. महाराष्ट्रातील शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय शिकविला जाऊ लागला.

हे समीकरण सोयीचे असले तरी अपुरे आहे. मराठी शब्दयोगी अव्यय नामाच्या सामान्यरूपाला जोडून त्याच्या मागून येते: ‘सोमवार’पासून ‘सोमवारपासून’, ‘पाऊस’पासून ‘पावसानंतर’. इंग्रजी अव्यय नामाच्या आधी स्वतंत्रपणे येते आणि नामाचे रूप बदलत नाही. शिवाय मराठीत कालदर्शक गौणवाक्याचे काम अनेकदा धातुसाधिते करतात. ‘जाताना’, ‘गेल्यावर’, ‘जाताच’, ‘जाईपर्यंत’ या एका शब्दाऐवजी इंग्रजीत उभयान्वयी अव्यय, कर्ता आणि क्रियापद असे पूर्ण वाक्य बहुधा वापरावे लागते.

छत्रपती संभाजीनगर शहर आणि त्याच्या उत्तरेस अजिंठा मार्गावर असलेला हर्सूल परिसर यांसारख्या ठिकाणी घरची आणि व्यवहाराची भाषा प्रामुख्याने मराठी, हिंदी किंवा उर्दू असते. मात्र उच्च शिक्षण आणि उच्च न्यायालय यांच्याशी संबंध आला की इंग्रजी कागदपत्रे समोर येतात. त्यांतील मुदतीचे शब्द अचूक समजणे म्हणूनच केवळ परीक्षेतील गुणांपुरते महत्त्वाचे राहत नाही.

## ‘ॲट’, ‘ऑन’ आणि ‘इन’

या तीन शब्दांत काळाचा आवाका क्रमाने वाढत जातो.

- ‘ॲट’ घड्याळातील वेळ किंवा नेमका क्षण दर्शवितो: ‘ॲट फाइव्ह ओ’क्लॉक’ (पाच वाजता), ‘ॲट नून’ (भर दुपारी बारा वाजता), ‘ॲट मिडनाइट’ (मध्यरात्री).
- ‘ऑन’ वार किंवा तारीख दर्शवितो: ‘ऑन मंडे’ (सोमवारी), ‘ऑन १७ सप्टेंबर’ (१७ सप्टेंबर रोजी).
- ‘इन’ महिना, ऋतू, वर्ष, दशक किंवा शतक दर्शवितो: ‘इन सप्टेंबर’ (सप्टेंबरमध्ये), ‘इन १९४८’ (१९४८ साली), ‘इन द एट्थ सेंच्युरी’ (आठव्या शतकात).

मराठीतही ‘वाजता’, ‘रोजी’ आणि ‘साली’ असा भेद असल्याने ही त्रयी तुलनेने सोपी जाते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. हे विधान इंग्रजीत करताना पूर्ण तारीख दिल्यास ‘ऑन’, केवळ महिना आणि वर्ष दिल्यास ‘इन’ वापरावा लागतो. त्याचप्रमाणे अजिंठा लेणी सोमवारी आणि वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात, हे सांगताना अनुक्रमे ‘ऑन मंडेज’ आणि ‘ऑन ट्यूजडेज’ असे म्हणतात. येथील अनेकवचन ‘दर सोमवारी’, ‘दर मंगळवारी’ असा अर्थ देते.

अडचण मराठीतील ‘ई’ या सप्तमीच्या प्रत्ययाने निर्माण होते. ‘सोमवारी’, ‘सकाळी’ आणि ‘रात्री’ या तिन्ही शब्दांचा शेवट सारखा आहे. इंग्रजीत मात्र ‘ऑन मंडे’, ‘इन द मॉर्निंग’ आणि ‘ॲट नाइट’ अशी तीन वेगळी रूपे होतात. वार आणि प्रहर एकत्र आल्यास वाराचा नियम लागू होतो. ‘सोमवारी सकाळी’ म्हणजे ‘ऑन मंडे मॉर्निंग’; येथे ‘इन’ येत नाही.

‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘धिस’ आणि ‘एव्हरी’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या कालदर्शक शब्दसमूहांपूर्वी, तसेच ‘टुडे’ व ‘टुमॉरो’ यांच्यापूर्वी हे अव्यय येत नाही. ‘पुढच्या सोमवारी’ याचे भाषांतर ‘नेक्स्ट मंडे’ असे होते. मराठीतील प्रत्ययाच्या प्रभावाने केलेले ‘ऑन नेक्स्ट मंडे’ हे भाषांतर प्रमाण मानले जात नाही.

‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ यांतील भेद मराठीभाषकांना ओळखीचा आहे. ‘ऑन टाइम’ म्हणजे वेळेवर, ठरलेल्या क्षणी. ‘इन टाइम’ म्हणजे वेळेत, उशीर होण्यापूर्वी. मात्र ‘ॲट द एंड’ (शेवटच्या भागात) आणि ‘इन द एंड’ (सरतेशेवटी) हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

## ‘पासून’: ‘सिन्स’, ‘फॉर’ आणि ‘फ्रॉम’

भारतीय इंग्रजीत सर्वाधिक आढळणाऱ्या चुकांपैकी एक या गटात आहे. मराठीत ‘२०१५ पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ या दोन्ही ठिकाणी एकच अव्यय येते. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी प्रारंभबिंदू असल्याने ‘सिन्स २०१५’, तर दुसऱ्या ठिकाणी काळाची लांबी असल्याने ‘फॉर फाइव्ह इयर्स’ असे म्हणतात. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ ही रचना या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने होते. पडताळणीचा सोपा मार्ग असा: ‘पासून’च्या आधीचा शब्द दिनदर्शिकेवर किंवा घड्याळात बोट ठेवून दाखविता येत असेल तर ‘सिन्स’, मोजून सांगावा लागत असेल तर ‘फॉर’.

क्रियापदाचा काळ हा या गटातील दुसरा अडथळा होय. ‘तो पाच वर्षांपासून हर्सूलला राहतो’ या मराठी वाक्यात वर्तमानकाळ आहे. इंग्रजीत भूतकाळात सुरू होऊन आजवर पोहोचलेली स्थिती पूर्ण वर्तमानकाळाने सांगतात: ‘ही हॅज लिव्ड इन हर्सूल फॉर फाइव्ह इयर्स’. याऐवजी ‘ही लिव्ड इन हर्सूल फॉर फाइव्ह इयर्स’ असा साधा भूतकाळ वापरल्यास, तो तेथे पाच वर्षे राहिला आणि आता राहत नाही, असा अर्थ होतो. अव्यय तेच असले तरी क्रियापदाच्या रूपामुळे माहिती बदलते.

‘फ्रॉम’ हा केवळ आरंभ दर्शवितो. आजच्या क्षणाशी त्याचा संबंध असतोच असे नाही. तो बहुधा ‘टू’ किंवा ‘अंटिल’ यांच्या जोडीने येतो. हैदराबाद संस्थानातील पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. हा कालखंड ‘फ्रॉम १३ टू १७ सप्टेंबर’ असा सांगता येतो. तेथे ‘सिन्स’ चालत नाही, कारण ती घटना आज चालू नाही. अमेरिकी इंग्रजीत शेवटचा दिवस धरला आहे हे स्पष्ट करण्यासाठी ‘टू’ऐवजी ‘थ्रू’ हा शब्द वापरतात.

## ‘पर्यंत’: ‘बाय’ आणि ‘अंटिल’

‘पर्यंत’ या अव्ययाचे दोन अर्थ पुढील वाक्यांत दिसतात.

- ‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्या.’
- ‘शुक्रवारपर्यंत येथे थांबा.’

पहिल्या वाक्यातील क्रिया शुक्रवार संपण्यापूर्वी केव्हातरी एकदाच घडावयाची आहे. इंग्रजीत तेथे ‘बाय फ्रायडे’ येते. दुसऱ्या वाक्यातील क्रिया शुक्रवारपर्यंत अखंड चालावयाची आहे. तेथे ‘अंटिल फ्रायडे’ किंवा ‘टिल फ्रायडे’ येते. ‘सबमिट द फॉर्म अंटिल फ्रायडे’ असे म्हटल्यास अर्ज देण्याची क्रिया शुक्रवारपर्यंत पुन्हा पुन्हा करीत राहावी, असा विपरीत अर्थ सूचित होतो. ‘स्टे हिअर बाय फ्रायडे’ या वाक्याला तर सरळ अर्थच राहत नाही.

गौणवाक्यातही हाच भेद टिकतो. ‘ती पोहोचेपर्यंत बस थांबली होती’ यातील थांबणे ही चालू राहणारी क्रिया असल्याने ‘अंटिल’ येते: ‘द बस वेटेड अंटिल शी अराइव्ह्ड’. ‘ती पोहोचेपर्यंत बस सुटली होती’ यातील सुटणे ही एकदाच घडणारी क्रिया असल्याने ‘बाय द टाइम’ येते: ‘बाय द टाइम शी अराइव्ह्ड, द बस हॅड लेफ्ट’. मराठीत ‘पोहोचेपर्यंत’ हे रूप दोन्ही वाक्यांत जसेच्या तसे राहते. फरक केवळ ‘थांबली’ आणि ‘सुटली’ या क्रियापदांत असतो.

‘बाय’ आणि ‘बिफोर’ यांत शेवटच्या दिवसाचा फरक आहे. ‘बाय ३१ जुलै’मध्ये ३१ जुलै हा दिवस धरला जातो, ‘बिफोर ३१ जुलै’मध्ये तो धरला जात नाही. मराठीतील ‘३१ जुलैपर्यंत’ आणि ‘३१ जुलैपूर्वी’ या शब्दप्रयोगांतही हाच फरक आहे. संदिग्धता टाळण्यासाठी अर्जांच्या सूचनांत ‘ऑन ऑर बिफोर’, म्हणजे त्या दिवशी किंवा त्यापूर्वी, अशी रचना करतात.

### ‘नॉट … अंटिल’

नकारार्थी वाक्यातील ‘अंटिल’चा वापर स्वतंत्रपणे लक्षात घ्यावा लागतो. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. या घटनाक्रमाविषयी ‘द युनिव्हर्सिटी वॉज नॉट रीनेम्ड अंटिल १४ जानेवारी १९९४’ असे वाक्य लिहिल्यास, त्या दिवसापर्यंत नाव बदलले नव्हते आणि त्या दिवशी ते बदलले, असे दोन्ही अर्थ मिळतात. ‘१४ जानेवारीपर्यंत नाव बदलले नव्हते’ या मराठी वाक्यात दुसरा अर्थ तितका निश्चित नसतो. त्यामुळे अशा इंग्रजी वाक्याचे भाषांतर ‘१४ जानेवारी १९९४ रोजीच नाव बदलले’ किंवा ‘नाव बदलण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला’ असे करणे अधिक अचूक ठरते.

हीच माहिती इतर अव्ययांनीही सांगता येते. ठराव आणि नामविस्तार यांत जवळजवळ साडेपंधरा वर्षे गेली. ही लांबी ‘फॉर’ने सांगतात. विद्यापीठाचे आजचे नाव ‘सिन्स १९९४’ आहे. १९९४ उजाडले तेव्हा विद्यापीठाला ३५ वर्षे पूर्ण झालेली होती. हे ‘बाय १९९४’ असे म्हणून पूर्ण भूतकाळात मांडतात.

## ‘पूर्वी’: ‘अगो’ आणि ‘बिफोर’

‘तीन वर्षांपूर्वी’ याचे ‘बिफोर थ्री इयर्स’ असे भाषांतर अनेकदा केले जाते. आजच्या क्षणापासून मागे मोजलेल्या काळासाठी इंग्रजीत ‘अगो’ हा शब्द आहे आणि तो मराठी अव्ययाप्रमाणेच कालावधीच्या मागून येतो: ‘थ्री इयर्स अगो’. त्याच्याबरोबर साधा भूतकाळ वापरतात. ‘ही हॅज कम थ्री इयर्स अगो’ ही रचना चुकीची ठरते.

‘बिफोर’ हा शब्द एखाद्या बिंदूच्या किंवा घटनेच्या आधीचा काळ दर्शवितो: ‘बिफोर १९६०’, ‘बिफोर द मॉन्सून’. भूतकाळातील एखाद्या घटनेपासून मागे मोजावयाचे असल्यास लांबी आधी आणि ‘बिफोर’ नंतर येतो. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली. मराठवाडा विद्यापीठ त्यापूर्वी सुमारे वीस महिने स्थापन झाले होते. यासाठी ‘अबाउट ट्वेंटी मन्थ्स बिफोर’ असे म्हणतात. ‘आफ्टर’ची रचनाही अशीच होते. भारताच्या स्वातंत्र्यानंतर तेरा महिन्यांनी मराठवाडा मुक्त झाला, हे सांगताना ‘थर्टीन मन्थ्स आफ्टर इंडिपेंडन्स’ असा क्रम असतो.

## ‘-त’, ‘-नी’ आणि ‘नंतर’: ‘इन’, ‘विदिन’ आणि ‘आफ्टर’

‘दहा मिनिटांत येतो’ आणि ‘दहा मिनिटांनी येतो’ या वाक्यांत मराठी भेद करते. पहिल्यात दहा मिनिटे ही कमाल मर्यादा आहे. दुसऱ्यात ती सरल्यावरचा क्षण अभिप्रेत आहे. इंग्रजीतील ‘इन टेन मिनिट्स’ हा शब्दप्रयोग दोन्ही अर्थांनी येऊ शकतो. मर्यादा नि:संदिग्धपणे सांगावयाची असल्यास ‘विदिन टेन मिनिट्स’ असे म्हणतात.

आजच्या क्षणापासून पुढे मोजलेल्या भविष्यासाठी ‘इन’ स्वाभाविक मानला जातो: ‘आय विल कम इन टेन मिनिट्स’. मराठीतील ‘दहा मिनिटांनंतर’च्या प्रभावाने येथे ‘आफ्टर टेन मिनिट्स’ वापरले जाते. ‘आफ्टर’ हा शब्द मुख्यतः भूतकाळातील कथनात किंवा एखाद्या घटनेच्या संदर्भात शोभतो: ‘आफ्टर टेन मिनिट्स, द रेन स्टॉप्ड’ (दहा मिनिटांनी पाऊस थांबला).

## ‘ड्युरिंग’, ‘व्हाइल’ आणि ‘फॉर’

‘ड्युरिंग’ हे शब्दयोगी अव्यय असल्याने त्याच्यापुढे नाम येते: ‘ड्युरिंग द मीटिंग’ (सभेदरम्यान). ‘व्हाइल’ हे उभयान्वयी अव्यय असल्याने त्याच्यापुढे वाक्य येते: ‘व्हाइल द मीटिंग वॉज गोइंग ऑन’ (सभा चालू असताना). ‘ड्युरिंग द मीटिंग वॉज गोइंग ऑन’ अशी सरमिसळ व्याकरणदृष्ट्या अशुद्ध आहे. ‘ड्युरिंग’ने घटना केव्हा घडली हे कळते, ‘फॉर’ने ती किती वेळ चालली हे कळते. म्हणून ‘तीन तास पाऊस पडला’ येथे ‘फॉर थ्री अवर्स’, तर ‘रात्रीतून पाऊस पडला’ येथे ‘ड्युरिंग द नाइट’ असे म्हणतात.

‘व्हाइल’नंतर कर्ता गाळून धातुसाधितही वापरता येते: ‘व्हाइल वॉकिंग’ म्हणजे चालताना. अशा वेळी गाळलेला कर्ता आणि मुख्य वाक्याचा कर्ता एकच असावा लागतो. ‘रस्त्याने जाताना झाड पडलेले दिसले’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे, कारण पाहणारा संदर्भाने समजतो. त्याचे ‘व्हाइल गोइंग ऑन द रोड, अ ट्री वॉज सीन’ असे शब्दशः भाषांतर केल्यास झाडच रस्त्याने चालले होते, असा अर्थ निघू शकतो. त्याऐवजी ‘व्हाइल गोइंग ऑन द रोड, वी सॉ अ फॉलन ट्री’ अशी रचना करतात.

## उभयान्वयी अव्यये आणि क्रियापदाचा काळ

### जोडशब्द

मराठीत ‘जेव्हा … तेव्हा’ ही जोडी येते. इंग्रजीत ‘व्हेन’ एकटाच पुरेसा असतो. मुख्य वाक्याच्या आरंभी ‘देन’ जोडत नाहीत. गौणवाक्य आधी आल्यास त्याच्यानंतर स्वल्पविराम देतात. ते नंतर आल्यास बहुधा देत नाहीत. ‘ताबडतोब’ हा अर्थ दाखविणाऱ्या ‘येताच’, ‘आल्याबरोबर’ या रूपांसाठी ‘ॲज सून ॲज’, तर ‘एकदा का आला की’ यासाठी ‘वन्स’ वापरतात.

### भविष्याचा अर्थ

कालदर्शक गौणवाक्यात भविष्याचा अर्थ असला तरी इंग्रजीत साधा वर्तमानकाळ येतो. ‘जेव्हा तो येईल तेव्हा सांगेन’ याचे भाषांतर ‘आय विल टेल यू व्हेन ही कम्स’ असे होते. ‘व्हेन ही विल कम’ ही रचना मराठीतील ‘येईल’ या रूपाचे अनुकरण होय. मराठीतही भविष्याचा अर्थ इतर काळांच्या रूपांनी व्यक्त होतो. ‘तो आला की सांगतो’ या वाक्यात येणे आणि सांगणे दोन्ही पुढे घडणार असले तरी ‘आला’ हे रूप भूतकाळाचे आहे. इंग्रजीत त्या जागी वर्तमानकाळाचे रूप येते, एवढाच फरक आहे. हा नियम ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’ आणि ‘ॲज सून ॲज’ यांनाही लागू होतो.

### नकाराची पुनरुक्ती

‘जोपर्यंत पाऊस थांबत नाही तोपर्यंत येथे थांबा’ या वाक्यात ‘नाही’ आहे. ‘अंटिल’ या शब्दात हा नकार आधीच सामावलेला असल्याने इंग्रजीत पुन्हा नकार देत नाहीत: ‘वेट हिअर अंटिल द रेन स्टॉप्स’. ‘अंटिल द रेन डझ नॉट स्टॉप’ हे भाषांतर चुकीचे आहे. याउलट ‘जोपर्यंत पाऊस पडत आहे तोपर्यंत थांबा’ या होकारार्थी वाक्यासाठी ‘ॲज लाँग ॲज’ किंवा ‘व्हाइल’ वापरतात. मराठीत ‘जोपर्यंत’ एकच राहून ‘नाही’ने अर्थ पालटतो, तर इंग्रजीत अव्ययच बदलते. ‘पाऊस थांबेपर्यंत’ या नकार नसलेल्या मराठी रूपावरून भाषांतर केल्यास ही चूक सहज टळते.

## कायदा आणि व्यवहारातील महत्त्व

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार, संसदेने कायद्याने वेगळी तरतूद करेपर्यंत सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालये यांतील कामकाज इंग्रजीत चालते. या तरतुदीच्या इंग्रजी पाठातही ‘अंटिल’नंतर साधा वर्तमानकाळ आहे आणि नकार नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ शहरात १९८१ मध्ये सुरू झाले. त्यामुळे मराठवाड्यातील पक्षकारांच्या प्रकरणांतील आदेश आणि मुदती त्यांच्यापर्यंत इंग्रजीतून पोहोचतात.

मुदतीच्या अव्ययांवर व्यक्तीचे स्वातंत्र्यही अवलंबून असते. अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्या व्यक्तीस अटकेपासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा आवश्यक वेळ वगळून, जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. येथे इंग्रजी पाठात ‘विदिन’ हा शब्द आहे. त्याजागी ‘आफ्टर’ कल्पिल्यास संरक्षणाचा अर्थच उलटतो: चोवीस तास ही कमाल मर्यादा न राहता किमान प्रतीक्षा ठरते. हर्सूल येथील मध्यवर्ती कारागृहासारख्या ठिकाणी असलेल्या बंद्यांच्या बाबतीत शिक्षेची लांबी ‘फॉर’ने, तर कायद्याने ठरविलेली कमाल मर्यादा ‘मे एक्स्टेंड टू’ अशा रचनेने सांगितली जाते. दुसऱ्या रचनेतील ‘तीन वर्षांपर्यंत’ म्हणजे तीन वर्षेच नव्हे, तर अधिकाधिक तीन वर्षे होय.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमानुसार अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत माहिती द्यावी लागते; माहिती व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असल्यास ही मुदत अठ्ठेचाळीस तासांची आहे. दोन्ही ठिकाणी ‘विदिन’चाच अर्थ अभिप्रेत आहे.

दिवस मोजण्याविषयी १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातील कलम ९ महत्त्वाचे आहे. त्यानुसार केंद्रीय कायद्यात पहिला दिवस वगळण्यासाठी ‘फ्रॉम’ आणि शेवटचा दिवस धरण्यासाठी ‘टू’ हे शब्द पुरेसे मानले जातात. १९६३ च्या मुदत अधिनियमातही ज्या दिवसापासून मुदत मोजावयाची तो दिवस वगळण्याची तरतूद आहे. उदाहरणार्थ, १ जूनपासून तीस दिवसांची मुदत या पद्धतीने मोजल्यास २ जून हा पहिला आणि १ जुलै हा शेवटचा दिवस ठरतो. रोजच्या बोलण्यात ‘१ जूनपासून’ म्हटल्यावर १ जून धरला जातो. म्हणून एखादी तारीख निश्चितपणे समाविष्ट करावयाची असल्यास मसुद्यात ‘ऑन अँड फ्रॉम’ अशी जोडरचना करतात.

## तुलनात्मक सारांश

- पासून: बिंदू असून क्रिया आजवर चालू असल्यास ‘सिन्स’, लांबी असल्यास ‘फॉर’, केवळ आरंभ दाखवावयाचा असल्यास ‘फ्रॉम’.
- पर्यंत: क्रिया एकदाच पूर्ण व्हावयाची असल्यास ‘बाय’, अखंड चालावयाची असल्यास ‘अंटिल’ किंवा ‘टिल’, कमाल मर्यादा असल्यास ‘अप टू’.
- पूर्वी: आजपासून मागे मोजल्यास ‘अगो’, अन्य बिंदूच्या आधी असल्यास ‘बिफोर’.
- -त, आत: महिना किंवा वर्ष असल्यास ‘इन’; मुदत असल्यास ‘विदिन’.
- -नी, नंतर: आजपासून पुढे मोजल्यास ‘इन’, घटनेनंतर किंवा भूतकाळातील कथनात ‘आफ्टर’.
- दरम्यान, -ताना: नामापूर्वी ‘ड्युरिंग’, वाक्यापूर्वी ‘व्हाइल’.
- जोपर्यंत … नाही: नकार न देता ‘अंटिल’.
- जोपर्यंत … आहे: ‘ॲज लाँग ॲज’ किंवा ‘व्हाइल’.